रंजना, दोर आणि माझी तेलाची कुपी

सुरतेच्या उधन्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणालाही विचारा, "रंजनाताई कुठे राहतात?" समोरचा आधी उलटा सवाल करील, "कोणत्या? विमानवाल्या?" मग तो तुम्हाला पिठाच्या गिरणीवरून डावीकडे धाडील आणि जाता जाता बजावील, "पण त्यांच्या सासऱ्याच्या तावडीत सापडू नका. दोन तास सुटका नाही."

तो सासरा म्हणजे मी. धुडकू जॉबर. जॉबर म्हणजे मागाचा मिस्तरी. अडतीस वर्षं मी सुरतेच्या मागांची दुखणी काढली. शिक्षण सातवी, तेही खानदेशातल्या गावच्या शाळेत, आणि त्यातही सहावीत दोन वर्षं मुक्काम. गुरुजींना माझ्या गोष्टी फार आवडत, म्हणून ते मला पुढच्या वर्गात सोडायला तयार नव्हते. निदान घरी मी तसंच सांगितलं होतं.

तर रंजना. माझी सून, कुंदनची बायको. विमानवाली म्हणतात म्हणून ती विमान चालवते असं समजू नका. तिचं काम त्याहून अवघड आहे. विमान सुटेल की नाही, हे ती बघते.

हे जरा उलगडून सांगतो. सुरतेबाहेर सचिन गावाच्या पुढे, कारखान्यांची धुराडी संपून उसाचे मळे लागतात, तिथे एका क्लबची धावपट्टी आहे. तिथे ग्लायडर उडतात. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पंख लांबच लांब, बाकी अंगाने काडीपैलवान. आपलं आपण ते काही वर जात नाही. मग पुढे एक छोटं इंजिनाचं विमान जुंपतात, मध्ये साठेक मीटरचा दोर, आणि बैलामागे गाडी जावी तसं ते त्याला आभाळात ओढून नेतं. पुरेसं वर गेलं की ग्लायडरचा पायलट समोरची पिवळी मूठ खेचतो. नाकाखालचा हूक उघडतो, दोराचं कडं निसटतं, दोर पुढच्या विमानाबरोबर निघून जातो आणि मागचं ग्लायडर घारीसारखं तरंगत राहतं.

माझ्यासारखा मिस्तरी म्हणेल, जोडणं महत्त्वाचं. जोडलंच नाही तर ओढणार काय? मीही तेच म्हणालो होतो. रंजना भाकरी थापता थापता आमच्या अहिराणीत म्हणाली, "आबा, जोडनं कोनीबी करी. जव्हय सुटाले पाहिजे तव्हय सुटाले पाहिजे."

म्हणजे जोडायला कुणीही जोडेल. सुटायची वेळ येईल त्या क्षणी ते सुटलं पाहिजे. जमिनीवर धावताना ग्लायडरचा पंख टेकला, ते वाकडं ओढलं जाऊ लागलं, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत दोर सुटायला हवा. हवेत ग्लायडर फार वर उसळलं तर दोराने पुढच्या विमानाची शेपटी वर उचलली जाते आणि त्याचं नाक खाली. तेव्हाही सुटायला हवा. सुटला नाही तर दोन विमानं एकाच दोराला बांधलेली, आणि खाली उसाचा मळा.

हे सगळं शिकायच्या आधीची रंजना सांगतो, म्हणजे माणूस कळेल.

तिला बघायला शिरपूरकडे गेलो तेव्हाची गोष्ट. आमच्या मंगलाबाईंनी, म्हणजे आमच्या घरच्या सरकारने, रीतीप्रमाणे विचारलं, "स्वयंपाक येतो का? शिवणकाम?" मी मात्र खिशातून सुताचा एक गुंता काढला. मागावरचा, चांगला तीन कांड्यांचा गुंतवळ. म्हटलं, "पोरी, हा सोडवून दाखव." पाव्हणे हसले. रंजनाने गुंता मांडीवर घेतला, ओढला नाही, नुसता हलका करत गेली आणि चहा गार व्हायच्या आत टोक माझ्या हातात दिलं. वर म्हणाली, "आता तुमचा मुलगा काय सोडवून दाखवतो?"

कुंदनच्या हातातली बशी कपासकट सांडली. मी तिथल्या तिथे सुपारी फोडली.

लग्नानंतर ती बमरोलीच्या एका खात्यात कामाला लागली. सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. मागावर सुताचा तार तुटला की जोडायचा, हे तिचं काम. विणकराची गाठ ती अशी मारायची की बघणाऱ्याला फक्त बोटं दिसायची, गाठ दिसायचीच नाही. एकोणीस वर्षं तिने तुटलेलं जोडलं. मग खातेवाल्याने जुने माग भंगारात काढून नवी यंत्रं आणली आणि जोडणाऱ्या बायकांना घरी बसवलं.

घरी बसणं हा प्रकार रंजनाच्या अंगात नाही. आठ दिवसांत तिने घरातली सगळी पोती उसवून पिशव्या शिवल्या. मंगलाबाई म्हणाल्या, "हिला काम बघा कुठेतरी, नाहीतर उद्या माझं लुगडं उसवील." तेवढ्यात कुणाकडून तरी कळलं, त्या क्लबात ग्लायडरांवर घालायची कापडी कव्हरं शिवायला माणूस हवंय. रंजना स्कूटीला लाथ मारून गेली ती तिथलीच झाली.

कव्हरं शिवता शिवता तिचं लक्ष दोराकडे गेलं. दोराचे पदर उसवले होते. तिने न विचारताच ते पुन्हा विणून असे बसवले की क्लबचे मोठे गुरू योगेंद्र साहेब दोर हातात घेऊन दहा मिनिटं नुसते फिरवत राहिले. साहेब पूर्वी फौजेत विमानं उडवायचे. बोलणं कमी, मिशा जास्त. म्हणाले, "आजपासून दोर तुमच्याकडे."

आणि इथेच रंजनाने पहिली चूक केली.

त्या दोराला एका टोकाशी पोलादाची एक पट्टी असते. मुद्दाम कच्ची ठेवलेली, मधोमध भोकं पाडलेली. एका आठवड्यात ती पट्टी दोनदा तुटली. आता तुम्हीच सांगा, एकोणीस वर्षं जिने तुटलेला तार बघितला की श्वास घ्यायच्या आधी गाठ मारली, तिला हे कसं बघवेल? आमच्या खात्यात तार तुटणं म्हणजे पापच. मास्तर शिव्या घालतो, कापडाचा अख्खा ताका खराब होतो. रंजनाला वाटलं, कुणीतरी क्लबाला रद्दी माल गळ्यात मारलाय. तिने उधन्याच्या लेथवाल्याकडून दुप्पट जाडीची अखंड पट्टी बनवून घेतली आणि सोमवारी अभिमानाने साहेबांपुढे ठेवली. "साहेब, आता हत्ती बांधा, तुटणार नाही."

साहेबांनी पट्टी हातात घेतली. मिशी थरथरली. मग त्यांनी तिला झाडाखाली बसवलं आणि म्हणाले, "रंजनाबाई, ही पट्टी तुटावी म्हणूनच आहे. वाजवीपेक्षा जास्त हिसका बसला तर आधी ही मरते, म्हणजे विमान मरत नाही. हिची जागा तुम्ही हत्तीला दिलीत."

घरी आली ती जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आबा, एकोणीस वर्षं मी चुकीचंच शिकले का?"

मी म्हटलं, "चुकीचं नाही, अर्धं. जोडायचं शिकलीस. आता सोडायचं शीक."

मला वाटतं, आयुष्यात एवढं एकच वाक्य मी थोडक्यात बोललो असेन.

दुसऱ्या दिवशी ती जाड पट्टी तिने हँगरच्या भिंतीवर खिळ्याला टांगली. खाली खडूने लिहिलं, "रंजनाची चूक." साहेब म्हणाले, "अहो, पुसा ते." ती म्हणाली, "राहू द्या. रोज दिसायला पाहिजे."

त्यानंतर ती हुकाच्या मागे लागली. तपासणी पुस्तकात लिहिलेलीच असते; रंजनाने तिला खात्याचं वळण लावलं. आमच्याकडे कामाची पाळी सुरू करताना चांगली विणकर बाई मुद्दाम एक तार बोटाने तोडते. तार तुटल्याबरोबर माग थांबला पाहिजे. थांबला तर मागावर भरवसा. नाही थांबला तर आधी जॉबरला हाक. रंजना तसंच करायची. ग्लायडर उभं, दोर जोडलेला. आधी दोर सैल ठेवून ओरडायची, "सोड!" आतला पायलट पिवळी मूठ खेचायचा, कडं पडायचं, ती ओरडायची, "सुटलं!" मग पुन्हा जोडायचं आणि या वेळी दोराला भंगारवाल्याचा असतो तसा स्प्रिंगचा काटा लावून ती मागे रेलून सगळ्या अंगाचा भार टाकायची. "सोड!" टक्. "सुटलं!" कडं निसटलं की ती दोन पावलं मागे धडपडायची, आणि त्या धडपडण्यातच तिला आनंद.

सुरुवातीला पोरंसोरं पायलट हसायची. "आंटी, किती वेळा?" ती म्हणायची, "तुझी आई घरी वाट बघते तितक्या वेळा."

तीन महिने असं चाललं. पण अडचण एकच. ती तपासायची, तरी तिचं 'नाही' चालायचं नाही. उड्डाणाचे झेंडे, हिरवा आणि लाल, अजून क्लबच्या कमिटीच्या माणसाच्या हाती होते. रंजना नाही म्हणाली तरी झेंडेवाला हो म्हणाला की विमान निघायचं. साहेबांनी कमिटीला कळवलं, झेंडे रंजनाबाईंच्या हाती द्या. कमिटी म्हणाली, शिवणकाम करणारी बाई आहे, आम्ही एका रविवारी येऊन बघू. जमलं तर झेंडे तिचे. नाही जमलं तर बाईंनी आपली कव्हरं शिवावीत.

रंजनाने झेंडे मिळायच्या आधीच स्वतःच्या हाताने दोन नवे झेंडे शिवून ठेवले होते. किनार दुहेरी.

आणि त्याच रविवारी, माझ्या पंच्याहत्तरीनिमित्त, साहेब मला ग्लायडरमध्ये बसवणार होते. ते तिनेच ठरवलं होतं. म्हणाली, "आबा, अडतीस वर्षं खात्यात वर पाहिलं तर पत्रेच दिसले तुम्हाला. एकदा खाली पाहा."

आता माझी करणी सांगतो. मंगलाबाई म्हणतात सांगू नका, पण सांगितल्याशिवाय गोष्टीला चव नाही.

त्याच्या आधीच्या रविवारी मी जागा बघायला क्लबात गेलो होतो. जेवणाची वेळ, सगळे डबे उघडून झाडाखाली. मी एकटाच हँगरमध्ये. माझं ग्लायडर कुठलं ते रंजनाने दाखवून ठेवलं होतं, पांढरं, नाकावर निळी रेघ. वाकून नाकाखाली बघितलं तर हूक कोरडा ठक्क! अहो, अडतीस वर्षांचा जॉबर मी. कोरडं लोखंड दिसलं की माझी बोटं आपोआप खिशाकडे जातात. खिशात माझी तेलाची कुपी, लांब चोचीची पितळी. निवृत्त झालो, पण ती काही निवृत्त झाली नाही. शिवणयंत्राला, दाराच्या बिजागरीला, शेजाऱ्याच्या सायकलला, न विचारता तेल घालत फिरतो मी. तर घातले चार थेंब. सांडलेलं पुसायला दुसऱ्या खिशातून सुताचा बोळा काढला. खात्यातली माणसं हात पुसायला कापड वापरत नाहीत, वाया गेलेल्या सुताचा बोळाच वापरतात. छान पुसलं, चकाकलं, आणि मनात म्हटलं, सुनेच्या मशिनीला सासऱ्याचा आशीर्वाद.

आशीर्वादच म्हणायचा!

आठवडाभर ते ग्लायडर कव्हराखाली उभं होतं. मग उजाडला रविवार.

मंगलाबाई नारळ घेऊन आल्या होत्या. कमिटीची चार माणसं खुर्च्यांवर, त्यातले एक सुरती शेठ, गोल टोपी, गोल पोट, विनोदी. मला पॅराशूट बांधलं, पुढच्या सीटवर बसवलं, पट्टे आवळले. मागच्या सीटवर योगेंद्र साहेब. समोर साठ मीटरवर ओढणारं विमान, त्यात चंचल नावाची पायलट मुलगी, बेधडक, नुसती अंगठा दाखवून बोलणारी. वारा सुरेख. मंगलाबाईंनी हात जोडून मला सांगितलं, "वर गेल्यावर बडबड करू नका, साहेबांचं लक्ष उडेल."

रंजना दोर घेऊन आली. झेंडे अजून कमिटीच्या माणसाकडे. तिने कडं जोडलं, दोर सैल.

"सोड!"

साहेबांनी मूठ खेचली. टक्. "सुटलं!"

पुन्हा जोडलं. काटा लावला. रेलून अंगाचा भार टाकला.

"सोड!"

साहेबांनी मूठ खेचली. काही नाही. रंजना तशीच तिरकी, दोर ताठ. साहेबांनी दुसऱ्यांदा खेचली आणि मग टक्. ती मागे धडपडली, पण या वेळी हसली नाही. "परत."

परत केलं. या वेळी पहिल्याच फटक्याला सुटलं.

शेठ खुर्चीवरून म्हणाले, "छूटी गयुं ने, बेन! हवे जवा दो. डोसाने गरमी थाय छे." सुटलं ना, आता जाऊ द्या, म्हाताऱ्याला उकडतंय म्हणे. सगळे हसले. मलाही खरंच उकडत होतं. मीही म्हणालो, "रंजना, सुटलं की गं दोनदा. एकदा अडकलं, त्याचं काय एवढं?"

झेंडेवाल्याने हिरवा झेंडा उचलायला हात वर केला.

रंजना धावली, त्याच्या दुसऱ्या हातातला लाल झेंडा ओढून घेतला आणि ग्लायडरच्या नाकापुढे उभी राहिली. चंचलचं इंजिन सुरू होतं, पंखा फिरत होता. रंजनाने झेंडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. चंचलने एका क्षणात इंजिन बंद केलं. धावपट्टीवर इतकी शांतता झाली की मंगलाबाईंच्या बांगड्या ऐकू आल्या.

"बेन!" शेठ उठले. "आ तो तमारो झंडो नथी!"

"माहितीये," रंजना म्हणाली. "पण एकदा अडकलं म्हणजे अडकलं. जमिनीवर दुसऱ्यांदा ओढायला मिळालं. विमान वाकडं झालं तर दुसऱ्यांदा ओढायला कोण थांबणार आहे?"

"परीक्षा तुमची आहे आज, बाई," झेंडेवाला पुटपुटला. "अशाने झेंडे मिळायचे नाहीत."

"नाही मिळाले तर कव्हरं शिवीन. पण आबांना या हुकावर नेऊ देणार नाही. आणि दुसऱ्या कुणालाही नाही."

एवढं म्हणून ती गुडघ्यावर बसली, नाकाखाली हात घातला. तिचं बोट हुकाच्या सांध्यात फिरत होतं. वीस वर्षांपूर्वी माझ्या गुंत्यावर फिरलं होतं, तसंच. ओढत नव्हती, हलकं करत होती. मग चिमटीत काहीतरी धरून तिने बाहेर काढलं. करडी, तेलकट, जट झालेली सुताची वात. आणखी एक. आणखी एक. सांध्यात गोल गुंडाळून बसली होती. तेलाने धूळ धरली, धुळीने सूत धरलं, आणि सगळ्याचा झाला नमदा. सैल असताना हूक त्याला दाबून उघडायचा, भार आला की मधूनच अडायचा.

तिने वात नाकाजवळ नेली. वास घेतला. आणि जमिनीवरूनच विचारलं, "हाई तेल कोनी टाकं?"

हे तेल कोणी घातलं?

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तपासणीच्या वहीत हुकाच्या रकान्यात सही रंजनाची. म्हणजे काही झालं असतं तर नाव तिचंच. शेठ वहीकडे बघत होते. झेंडेवाला रंजनाकडे बघत होता. आणि मंगलाबाई? त्या सरळ माझ्या खिशाकडे बघत होत्या.

मी पट्ट्यांनी आवळलेला. गुरुजी विचारायचे, "फळ्यावर चित्र कोणी काढलं?" तसाच हा सवाल होता. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं असतं? पण वहीत सही तिची होती. मी शाळेत करायचो तसा हात वर केला.

"मी टाकं. आणि सुताच्या बोळ्याने पुसलं."

मागून साहेबांचा खोल श्वास ऐकू आला. शेठ मटकन बसले.

रंजना उठली. सासरा म्हणून माझ्यापुढे तिने कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. फक्त म्हणाली, "आबा, खाली उतरा. आणि कुपी द्या."

साहेबांनी माझे पट्टे सोडले. पंच्याहत्तर वर्षांचा मी, चारचौघांत, सुनेच्या हातात माझी पितळी कुपी ठेवली. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली म्हणून आलं असेल असं तुम्हाला वाटेल. थोडं लाजेचं होतंच. पण बाकीचं कशाचं होतं माहितेय? माझ्या मनात आलं, ही पोर मी घरात आणली. सुपारी मी फोडली!

मग तिने वही मागवली आणि सगळ्यांसमोर लिहिलं, "हुकात तेल व सूत. घालणारे धुडकू आबा. उड्डाण थांबवले." माझं नाव, शुद्ध अक्षरात.

क्लबच्या इंजिनियरने तो हूक बोल्ट काढून उतरवला आणि कपाटातला दुसरा, डबाबंद, नवाकोरा हूक बसवून कागदावर सही केली. त्यात दुपार झाली. या वेळात शेठ उन्हात उभे राहून योगेंद्र साहेबांना काहीतरी विचारत होते आणि साहेब दोन्ही हातांची विमानं करून दाखवत होते: एक पुढे, एक मागे, मागचं वाकडं होतंय, पुढचं नाकावर पडतंय. शेठांचा चेहरा उतरत गेला. मग ते रंजनाकडे आले. टोपी काढून काखेत धरली होती.

"बेन," ते म्हणाले, "मारो दीकरो पण अहीं उडे छे. दर रविवारे." त्यांचा मुलगाही इथेच उडायचा, दर रविवारी. एवढं बोलून ते झेंडेवाल्याकडे वळले, त्याच्या हातातला हिरवा झेंडा घेतला, रंजनाच्या हातात दिला. "हवेथी बेननी ना एटले ना."

आता बेनची ना म्हणजे ना! लाल झेंडा तर तिने आधीच घेतला होता.

रंजनाने तो हिरवा झेंडा उलटसुलट पाहिला. "याची किनार उसवलीये," म्हणाली. मग पिशवीतून स्वतःचे शिवलेले दोन्ही काढले. मंगलाबाईंनी तिथल्या तिथे नारळ फोडला. पाणी अर्धं धावपट्टीवर, अर्धं शेठांच्या बुटावर.

चार वाजता मी पुन्हा सीटवर. सैल दोर, "सोड!", टक्, "सुटलं!" भार टाकून, "सोड!", टक्, "सुटलं!" तिने पाच वेळा केलं. पाचही वेळा पहिल्याच फटक्याला ती मागे धडपडली आणि पाचही वेळा हसली. मग नाकाजवळ येऊन माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "आबा, खिशात दुसरी कुपी नाही ना?"

"नाही गं बाई."

"बोळा?"

मी बोळा काढून दिला. विसरलोच होतो.

तिने हिरवा झेंडा फिरवला. चंचलने अंगठा दाखवला, दोर ताणला गेला आणि आम्ही निघालो. जमीन थडथडली, मग थडथड थांबली. खाली उसाचे मळे, मग सचिनची धुराडी काड्यांसारखी, मग मिंढोळा नदीचं वळण. पुढे चंचलचं विमान दोराच्या टोकाला पतंगासारखं. पण इथे पतंग आम्हाला उडवत होता. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पंचावन्न पतंग कापलेला माणूस मी, दोर कापायची अशी वाट कधी बघितली नव्हती.

साहेब मागून म्हणाले, "आबा, मूठ तुम्ही खेचा. पूर्ण. आणि दोर गेलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही बोलू नका."

मी पिवळी मूठ धरली. अडतीस वर्षांत हजारो दांडे ओढले असतील, असा एकही नव्हता. खेचली.

टक्.

दोर नागासारखा सळसळत पुढे गेला, कडं उन्हात एकदा चमकलं, चंचलचं विमान एका बाजूला कलंडून खाली उतरलं, आणि आम्ही दुसऱ्या बाजूला वळलो. डोळ्यांनी बघितलं, मग सगळ्या ताकदीने ओरडलो, "सुटलं!"

सहाशे मीटर खाली ते कुणाला ऐकू जाणार? पण तपासणी म्हणजे तपासणी.

आणि मग शांतता. तुम्हाला सांगतो, मागाच्या खडखडाटात माझे कान असे झालेत की झोपेतसुद्धा धोटा धावतो. तिथे वर फक्त वारा. कानांनी अडतीस वर्षांत पहिल्यांदा पाय पसरले. लांब उत्तरेकडे एक चंदेरी रेघ दिसली. साहेब म्हणाले, "तापी." मी हात जोडले. आमच्या गावाच्या कुशीतून जाते ती, आमच्याआधी सुरतेला आलेली. मी तिला दोन्ही टोकांनी ओळखतो, पण वरून पहिल्यांदाच बघितली. साहेबांना तापीची एक गोष्ट सांगायला घेतली. मंगलाबाईंचं बोलणं आठवलं, पण तोवर अर्धी सांगून झाली होती. साहेब मिशीतल्या मिशीत हसत होते, हे मला न बघताच कळलं.

उतरलो तेव्हा रंजना वही घेऊन उभी होती. सासऱ्याला कसं वाटलं, चक्कर आली का, काही विचारलं नाही. विचारलं ते एकच, "किती वेळा खेचली?"

"एकदा."

"नक्की?"

"एकदाच गं! दोर डोळ्यांनी बघितला, कडं चमकलं."

तिने वहीत लिहिलं: "एकदा." सही केली. मग हँगरमध्ये गेली आणि त्या जाड पट्टीशेजारी दुसरा खिळा ठोकून माझी पितळी कुपी टांगली. खाली खडूने लिहिलं, "आबांची चूक."

आता दर रविवारी नवे पायलट येतात. रंजना त्यांना उडवायच्या आधी त्या भिंतीपाशी नेते. एकीकडे न तुटणारी पट्टी, दुसरीकडे तेलाची कुपी. मी जवळच खुर्ची टाकून बसलेला असतो, कारण कुपीची गोष्ट माझ्याइतकी रंगवून कुणाला सांगता येत नाही. परवा एक मुलगा म्हणाला, "आजोबा, उड्डाणाची वेळ झाली, जाऊ?"

मी म्हटलं, "जायचं की नाही ते मला विचारू नकोस." आणि बोट दाखवलं धावपट्टीकडे. तिथे माझी सून दोराला रेलून, सगळ्या अंगाचा भार टाकून, ओरडत होती, "सोड!"